येण्याचं कारण

अब्बास,

परवा तुझी शोकसभा झाली. तू असतास तर पहिलं भाषण सुरू होताच तंबाखूच्या निमित्ताने बाहेर सटकला असतास. मला सटकता आलं नाही, कारण मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, ‘अब्बासभाईंचे जिवलग हिंदू मित्र’ म्हणून. आपण एका खाडीत पोहायला शिकलो, एका बाकावर बसून मास्तरांचा मार खाल्ला, तू बोटीवरून निवृत्त होऊन आल्यापासून रोज माझ्या एसटीडी बूथच्या बाकड्यावर बसलास, आणि शेवटी माझी ओळख काय, तर हिंदू मित्र.

व्यासपीठावरून तुला शांतिदूत ठरवलं. दोन देशांमधला पूल, असंही एक जण म्हणाला. तुझ्या फोटोला झेंडूचा हार घातला. तुमच्यात फोटोला हार घालतात की नाही, हे खतिजावहिनीला विचारायची तसदी कुणी घेतली नाही. हार घालणारा कोण, तर ज्याने कारगिलच्या उन्हाळ्यात तुला मच्छीबाजाराच्या तोंडाशी अडवून ‘चाचा, जरा मोठ्यांदा घोषणा द्या की’ म्हटलं होतं तो. तेव्हा तू हातातली पिशवी त्याच्या नाकासमोर धरून म्हणाला होतास, "बांगडं हायत. खराब व्हतील. घोषणा उद्या देतो." परवा त्याच माणसाचा गळा माइकवर दाटून आला. मला शिसारी आली, अब्बास. मी चहा न घेता घरी आलो.

शांतता हा शब्द तुला कधीच सोसला नाही. "सकाली जाहीर व्हते, सांजचे रद्द व्हते. पापलेटाचा भाव तरी दिवसभर टिकतो," म्हणायचास. तुझी शांततेची व्याख्या एकच, आणि ती तू त्या बाकड्यावर बसून मला इतक्यांदा ऐकवलीस की मला ती तुझ्या आवाजातच पाठ आहे. "ज्या दिवशी हलिमा हितं येयाला निघंल आनि कोन तिला कारन इचारनार नाय, त्या दिवशी शांतता झाली. तोपातूर सगली नाटका."

हलिमा, तुझी धाकटी बहीण. आपण खेकडे पकडायला निघालो की मागे मागे यायची आणि सगळ्यांत मोठा खेकडा तीच पकडायची. कराचीच्या गोदीत नोकरीला असलेल्या तुमच्याच नात्यातल्या मुलाशी तिचं लग्न झालं तेव्हा मुंबईहून तिकडे बोट जायची. फाळणी झालेली होती, पण आपल्या मोहल्ल्याला ती नीट कळली नव्हती. पूर्णगडाची मुलगी जयगडला द्यावी तशी इथली मुलगी कराचीला दिली गेली. मग पासष्टचं युद्ध झालं आणि बोट बंद पडली. त्यानंतर हलिमा एकदाच घरी आली, तुमची अम्मा गेली तेव्हा. अम्मा आजारी असताना तिने किती धडपड केली होती, पण परवानगी मिळाली ती अम्मा मातीत गेल्यावर. ती गोष्ट तेव्हा आपण दैवावर ढकलली. ते दैव नव्हतं, ती रीत होती, हे मला आता कळतंय.

पुढे कराचीतली आपली वकिलातीची कचेरी बंद झाली, मुंबईतली त्यांची बंद झाली. हलिमाला व्हिसा मागायचा तर इस्लामाबाद गाठावं लागे. म्हणजे समुद्राकाठच्या गावातून समुद्राकाठच्या गावात यायला आधी उलट्या दिशेला आगगाडीने अख्खा मुलूख पालथा घालायचा, तिथे रांगेत उभं राहायचं आणि खिडकीतल्या माणसाला कारण सांगायचं. भावाला भेटायचंय, असं ती सांगे. ते कारण कधी पुरेसं ठरलं नाही.

आणि तू दर वर्षी आढी घालायचास. माळ्यावर भाताचा पेंढा पसरायचा, त्यावर हापूस मांडायचे, पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे. तुमच्या घरातली रीत अशी की आढी उघडायची ती घरच्या लेकीने. पहिला पिकला आंबा तिने काढायचा, हुंगायचा, भावाच्या नाहीतर बापाच्या हातात द्यायचा, मगच बाकीच्यांनी हात लावायचा. तुला मुलगी नाही. मुलगा एकच, तो कुवेतला. खतिजावहिनी पडली सून. मग माझी मंजू यायची, परकर खोचून शिडीवरून माकडासारखी वर चढायची. तू खालून ओरडायचास, "ए बदली कामगार, जरा हळू! हलिमा आली की तुझी नोकरी गेली." मंजूचं लग्न झालं, तिला मुलं झाली, तरी मे महिन्यात ती माहेरी आली की आधी तुझ्या माळ्यावर जायची. तिची बदलीची नोकरी काही सुटली नाही.

अठ्ठ्याण्णव साली हलिमाचं येणं ठरल्यातच जमा होतं. तू घराला रंग काढलास, न्हाणीघराला नवं दार बसवलंस. आणि त्याच मे महिन्यात आपण वाळवंटात बॉम्ब उडवले. बाजारात पेढे वाटले गेले. माझ्या बूथवरही कुणीतरी खोका घेऊन आला, तू एक पेढा उचललास, बघितलास आणि खिशात ठेवलास. मे संपायच्या आत तिकडच्यांनीही आपले उडवले. हलिमाचा फोन आला तेव्हा मी बूथमध्येच होतो. तू विचारलंस, "तुमच्याकडं काय वाटला?" ती म्हणाली, "जिलबी." तू मोठ्याने हसलास आणि रिसीव्हर माझ्याकडे दिलास. त्या वर्षी मंजूने आढी उघडली आणि तू आंब्याला तोंड लावलं नाहीस.

कारगिलच्या वेळी आपण भांडलो. ते भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून इथे पुन्हा काढतो. माझ्या बहिणीचा विनय तेव्हा तिकडे वर होता, बर्फात. मी दिवसभर टीव्हीसमोर बसायचो आणि मग बूथवर येऊन तुझ्यावर ओरडायचो. "त्यांनी माणसं घुसवली, अब्बास. गळाभेटी चालू असताना मागच्या बाजूने घुसवली. आणि वर म्हणतात आमची नाहीतच. दोन्हीकडचे सारखेच, असं मला सांगू नकोस."

"मी कवा म्हनलो सारके?" तू शांतपणे तंबाखू मळत होतास. "घुसवनारे हरामखोर. पन मी काय घुसवनाऱ्यांना जेवायला बोलवतोय? मी भैनीला बोलवतोय."

"ज्या दारातून ती येणार त्याच दारातून ते येतात."

"नाय रे सुध्या. त्ये दारातनं येतच नाय. दार बंद केलंय त्ये फकस्त तिच्यासाठी."

मी ते मान्य केलं नाही. विनय पायात लोखंडाचा तुकडा घेऊन परत आला, तेव्हा तू रोज त्याच्या उशाशी जाऊन बसायचास आणि त्याला दुबईच्या खाडीतल्या गोष्टी सांगायचास. तिथे एका खोलीत रत्नागिरीचे आणि कराचीचे कोकणी खलाशी कसे राहायचे, मीठ जास्त पडलं म्हणून कशी हाणामारी व्हायची, आणि पोलीस आले की सगळे एकाच गावचे कसे व्हायचे. विनय हसायचा. हलिमाने फोनवर आधी त्याची चौकशी केली. मग आवाज खाली घेऊन सांगितलं की तिच्या गल्लीतल्या एका घरातला मुलगा परत आलेला नाही आणि तो कुठे गेला होता हेच तिकडचं सरकार कबूल करत नाही. आईला रडायचीसुद्धा चोरी. मला त्या बाईचं वाईट वाटलं आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचा राग आला. तुला हे सांगायचं राहून गेलं होतं.

मग तो साध्या कपड्यातला पोलीस बूथवर यायला लागला. कराचीला कोण फोन करतं, काय बोलतं. मी म्हणालो, "गुडघेदुखी, कोळंबीचं कालवण आणि सुनांच्या तक्रारी. लिहून घ्या." तू त्यालाही घरी नेलंस, आंबा खायला घातलास. तो कोय चोखत तुला विचारत होता, बहिणीच्या नवऱ्याचा धंदा काय आणि तो किती वर्षांपूर्वी वारला. मला त्याच्या हातावरून ओघळणाऱ्या रसाची किळस आली. तू म्हणालास, "त्याचा काम हाय त्ये. आंबा गोड होता म्हनाला, त्ये तरी खरा बोलला." तुझं हे मोठं मन मला कधी कधी असह्य व्हायचं.

संसदेवर हल्ला झाला आणि गाड्या, बस, विमानं सगळं बंद पडलं. दोन्ही सैन्यं सीमेवर समोरासमोर जाऊन उभी राहिली. त्या सबंध काळात तू हलिमाचं नाव फार काढलं नाहीस, पण आढी घातलीस.

पुढे पुन्हा वारं फिरलं. क्रिकेटचे सामने झाले, तिकडच्या दुकानदारांनी आपल्या लोकांकडून जेवणाचे पैसे घेतले नाहीत म्हणे, वर्तमानपत्रं गहिवरली. आणि हलिमाला व्हिसा मिळाला. तुझ्या घराच्या अंगणात त्या दिवशी नुसता गोंधळ. मग नीट कळलं. व्हिसा फक्त मुंबईचा. तिने मागितलेलं रत्नागिरीचं नाव गाळलेलं. का, ते कुणी सांगेना. कुणी म्हणालं, किनाऱ्याचा जिल्हा आहे म्हणून. शेजारच्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ज्यांनी रातोरात स्फोटकं उतरवली त्यांना कुठला व्हिसा लागला होता? पण साठी ओलांडलेल्या, गुडघे धरून चालणाऱ्या हलिमाच्या येण्याने आमचा किनारा धोक्यात येणार होता.

इथपर्यंत माझा राग त्यांच्यावर. यापुढचा तुझ्यावर.

ती मुंबईला आली, डोंगरीत नातेवाइकांकडे उतरली. मी तुझं रेल्वेचं तिकीट काढून आणलं. आणि तू म्हणालास, "मी जानार नाय."

मला वाटलं थट्टा करतोयस. तू थट्टा करत नव्हतास.

"लोकांच्या खोलीत भैनीला भेटू? आंब्याची पेटी घेवन? मी काय येपारी हाय? माहेर घरात आसता, सुध्या. ती हितं येल, माळ्यावर चडंल, आढी उघडंल."

"अरे, एका रात्रीची गाडी आहे. अम्मा गेल्यानंतर बहीण एवढी जवळ आली नव्हती."

"म्हनूनच. आज मी मुंबयला गेलो तर त्ये म्हनतील, बगा, चालला की ह्यांचा. मंग रत्नागिरी कवाच देनार नाय. अर्धी भाकरी घेतली की पुरी कोन देत नाय."

तत्त्व! आयुष्यभर कुणाशी तत्त्वाने न वागलेला माणूस, बोटीवर कप्तानाला शेंड्या लावणारा, पत्ते खेळताना उघड उघड फसवणारा, तुला म्हातारपणी तत्त्व सुचलं, आणि तेही सख्ख्या बहिणीच्या बाबतीत. खतिजावहिनी रडली. कुवेतहून मुलाने फोन करून समजावलं. मी तुझ्याशी बोलणं सोडलं. दोन्ही सरकारांनी मिळून जे केलं नाही ते तू एकट्याने केलंस. दार किलकिलं झालं होतं आणि ते तू आतून लावून घेतलंस.

वर आणि खोटं बोलायला मला पुढे केलंस. डोंगरीहून तिचा फोन आला तेव्हा तू बूथच्या काचेबाहेर उभा होतास, ओठांवर बोट ठेवून. मी सांगितलं, अब्बास तापाने फणफणलाय, डॉक्टरने उठू नको म्हणून सांगितलंय. ती म्हणाली, "मंग मीच येते." तिला येता येणार नव्हतं. फोनवर ती रडत होती आणि काचेबाहेर ठणठणीत उभा असलेला तू माझ्याकडे बघत होतास. त्या क्षणी मला तुझा जितका तिटकारा आला तितका आयुष्यात कुणाचा आला नव्हता. महिनाभराने तू बाकड्यावर येऊन बसलास आणि तंबाखूची डबी पुढे केलीस. मी घेतली. त्या विषयावर आपण पुन्हा कधी बोललो नाही.

यंदा तू आढी घालून माळ्यावरून खाली उतरलास, वहिनीकडे पाणी मागितलंस आणि तांब्या हातात यायच्या आत गेलास. हलिमाला मीच फोन केला. यावेळी मला खोटं बोलावं लागलं नाही.

आणि अब्बास, तिला व्हिसा मिळाला. लगेच मिळाला. रत्नागिरीचा मिळाला. ज्या खिडकीतून ‘भावाला भेटायचंय’ हे कारण इतकी वर्षं परत फिरवलं गेलं, त्याच खिडकीने ‘भाऊ वारला’ हे कारण लगेच मान्य केलं. सोबत यायला निघालेल्या तिच्या मुलाला मात्र नाही दिला. मेला तो त्याचा मामा, बाप थोडाच. मला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता. मी फोन खाली ठेवला आणि गटाराशी जाऊन थुंकलो.

वाळवंटातून सीमा ओलांडणाऱ्या त्या नव्या गाडीने ती एकटी आली. स्टेशनवर मी तिला ओळखलं नाही, तिनेच मला ओळखलं. घरी नेण्याआधी पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची होती. पिशव्या पायाशी ठेवून ती बाकावर बसली. हवालदाराने मान खाली घालूनच विचारलं, येण्याचं कारण? हलिमा म्हणाली, "भाय मेला." त्याने मान वर केली. पोरगेला होता, ओशाळला, पाणी आणून दिलं. मी बाहेर येऊन उभा राहिलो.

घराच्या पायरीवर ती थोडा वेळ थांबली. आतून आंब्यांचा वास येत होता, पिकून उतरल्याचा, थोडा आंबूस. खतिजावहिनीने आढीला कुणाला हात लावू दिला नव्हता. मंजूलाही नाही. वहिनी फक्त एवढंच म्हणाली, "हलिमा, वर जा. आंबे तुझीच वाट बगतायत." मी शिडी धरली. गुडघ्यांवर हात ठेवत, दर पायरीला अल्लाचं नाव घेत तुझी बहीण माळ्यावर चढली. तुझ्या मनासारखं झालं, अब्बास. अगदी जसं हवं होतं तसं. घरात, माळ्यावर, स्वतःच्या हाताने. फक्त पहिला आंबा कुणाच्या हातात द्यायचा, हे तिला समजेना. तो हातात धरून ती नुसतीच बसली. मग तो तिने पेंढ्यावर परत ठेवला.

नासके एकीकडे, चांगले एकीकडे, असे ती निवडत होती. मी माळ्याच्या कडेला टेकून बसलो होतो. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "सुधाभाय, मी मुंबयला आले व्हते तवा भाय खरंच आजारी व्हता ना?"

खाली खतिजावहिनीची भांड्यांची खुडबूड थांबली.

मी म्हणालो, "हो. फार आजारी होता. उठताच येत नव्हतं."

तिने हातातला आंबा हुंगला, चांगल्यांत ठेवला.

"मंग बरा," ती म्हणाली. "नायतर मी त्याला कदीच माफ केला नसता."

परवानगीची मुदत तुझ्या चाळिसाव्या दिवसाच्या आधी संपत होती. ती वाढवून मिळेल का, म्हणून मी दोन कचेऱ्या हिंडलो. साहेब म्हणाले, दफन तर झालंय ना, मग आता थांबायचं कारण काय? ती गेली. उद्या चाळिसाव्याला मोहल्ल्यातली माणसं जेवायला येतील, तुझं नाव निघेल, पुन्हा कुणीतरी पूल वगैरे म्हणेल.

तुझ्या बहिणीने तुला माफ केलंय, अब्बास, माझ्या शब्दावर विसंबून. मी मात्र अजून केलेलं नाही.

तुझा,
सुध्या